सावलीसाठी कोणता वृक्ष : गुलमोहर की करंज?



वृक्षारोपणाचा संकल्प सोडणे सोपे असते. परंतु कोणता वृक्ष कोठे लावावा, याचा निर्णय विचारपूर्वकच घ्यावा लागतो. चुकलेले पीक पुढच्या हंगामात बदलता येते. चुकीच्या जागी लावलेला वृक्ष मात्र पुढच्या पिढीच्या पदरी पडतो.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला आहे. खंबाटकी घाट उतरून नीरेकडे जाताना चैत्र-वैशाखातील उन्हाची प्रखरता जाणवते. शाळेचे पटांगण, बाजाराची जागा, एस. टी. चा थांबा येथे सावली ही शोभेची नव्हे, तर गरजेची बाब आहे.

थंड देशांत मेपल, ओक आदी वृक्षांची पाने हिवाळ्यापूर्वी गळतात आणि हवेहवेसे ऊन अंगणात उतरते. तेथे पानगळ ही सोयच ठरते. आपल्या कोरड्या मुलखात झाडे पाने गाळतात ती मुख्यतः पाणी वाचविण्यासाठी. म्हणूनच येथे पहिला प्रश्न असावा तो हा : हे झाड कोणत्या महिन्यात निष्पर्ण असते?

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. तो झपाट्याने वाढतो आणि ऐन उन्हाळ्यात लालभडक फुलतो. सातारकर 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात, तो याच वैभवासाठी. परंतु त्या दिवसांत त्याच्या फांद्यांवर पाने बहुधा विरळच असतात. शिवाय त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, प्रसंगी झाडही उन्मळते.

करंज हा आपल्या भूमीतलाच. त्याची वाढ तुलनेने सावकाश होते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास तो पाने गाळतो; पण ऊन तापू लागते तोच त्याला पोपटी पालवी फुटते आणि वैशाखात दाट छाया मिळते. त्याची मुळे खोल जातात. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. बियांपासून तेल निघते, तर पेंड खत म्हणून उपयोगी पडते.

याचा अर्थ गुलमोहर त्याज्य आहे, असा नव्हे. इमारती, विजेच्या तारा आणि रहदारीपासून दूर, मोकळ्या जागी तो अवश्य लावावा. जेथे माणसे बसतात, मुले खेळतात, तेथे मात्र करंजाला अग्रक्रम द्यावा.

उन्हाळ्यातच खड्डे खणून ठेवावेत, पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपे लावावीत, भोवती काटेरी कुंपण करावे आणि निदान पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामास येते. त्या वाटेवरील वारकऱ्यांना आणि गावातील शाळकरी मुलांना उद्या सावली लाभावी, असे वाटत असेल, तर रोपाची निवड आजच विचारपूर्वक व्हावयास हवी.