शिक्षकाचें सातवें वर्ष

कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या मुलखांत, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तेलाचा घाणा हा त्यांच्यापैकीं पुष्कळांचा धंदा. आणि शनिवारीं ते घाणा चालवीत नसत, म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारची ही विश्रांति म्हणजे यहुदी धर्मांतील शब्बाथ. त्याच धर्माच्या ग्रंथांत, माणसाला जसा सातवा दिवस, तसें जमिनीला सातवें वर्ष सांगितलें आहे. सहा वर्षें पेरावें आणि सातव्या वर्षीं शेत पड ठेवावें. कोंकणांतल्या शेतकऱ्याला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. वरकस जमिनींत कांहीं वर्षें नाचणी-वरी घेतल्यावर ती पड टाकावी लागते, हें तो कोणताही ग्रंथ न वाचतां जाणतो. या शब्बाथापासूनच 'सबॅटिकल' हा शब्द निघाला, आणि शिकविणाऱ्या माणसाला ठराविक वर्षांच्या सेवेनंतर अभ्यासासाठीं जी पगारी रजा मिळते तिला तो लागला.

या रजेचा आरंभ अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८८० मध्यें झाला असें सांगतात, आणि त्या आरंभाशीं संस्कृत भाषेचा संबंध आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना जॉन्स हॉप्किन्स येथील संस्कृतज्ञ चार्ल्स लॅनमन हे आपल्याकडे हवे होते. त्यांचें मन वळविण्यासाठीं जीं आश्वासनें देण्यांत आलीं, त्यांत सातव्या वर्षीं अर्ध्या पगारावर रजा हें एक होतें. लॅनमन हार्वर्डला गेले. पुढें १८८९ मध्यें ते हिंदुस्थानांत येऊन फिरले, आणि येथून संस्कृत व प्राकृत हस्तलिखितें जमवून त्यांनीं आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत नेलीं. विद्वानाला वर्गाबाहेर पडूं दिलें म्हणजे तो रिकाम्या हातानें परतत नाहीं, हें या प्रवासावरून कोणालाही पटावें.

परंतु प्राध्यापक हा शिक्षकवर्गाचा लहानसा भाग. खरा भार शाळामास्तरांवर असतो. अमेरिकेंत त्या शाळांना 'पब्लिक स्कूल' म्हणतात. हिंदुस्थानांत या नांवानें श्रीमंतांच्या मुलांची, भारी फीची शाळा डोळ्यांपुढें येते. तेथें मात्र लोकांच्या करांतून चालणारी, सर्वांना मोफत असलेली शाळा असा त्याचा सरळ अर्थ आहे. या शाळांतील शिक्षकांना सातव्या वर्षाच्या रजेचा लाभ द्यावयाचा कीं नाहीं, हें त्या त्या राज्याच्या कायद्यावर आणि स्थानिक शाळामंडळाच्या करारावर अवलंबून असतें. सगळीकडे ती आहे असें नाहीं.

पेनसिल्व्हेनिया राज्याचा १९४९ चा शाळा-कायदा या बाबतींत पाहण्यासारखा आहे. १० वर्षांची समाधानकारक सेवा आणि तींत निदान सलग ५ वर्षें त्याच शाळामंडळाकडे झालेलीं असलीं, म्हणजे शिक्षकाला या रजेचा हक्क येतो. नंतर दर ७ वर्षांनीं ती पुन्हां मिळूं शकते. संबंध शालेय वर्ष घ्यावें, अर्धें घ्यावें किंवा दोन वर्षांत दोन अर्धीं घ्यावींत. पगार निदान निम्मा मिळतो. परत आल्यावर एक पूर्ण शालेय वर्ष त्याच मंडळाकडे नोकरी करण्याचें बंधन असतें, आणि एका वेळीं किती जणांना सोडावें याला मंडळ मर्यादा घालूं शकतें. यांत दयेचा भाग नाहीं. घेणाऱ्याचा हक्क आणि देणाऱ्याची सोय दोन्ही कायद्यानें मांडून ठेविलीं आहेत, हें त्यांतील मर्म.

आरंभीं या रजेचे हेतु तीन होते: प्रकृति सुधारणें, अभ्यास आणि प्रवास. १९९६ मध्यें कायदा बदलला. अभ्यास व प्रवास हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं व्यावसायिक विकास आला, आणि तो विकास शिक्षकाच्या कामाशीं निगडित असला पाहिजे असें ठरलें. करदात्याच्या पैशावर कोणी मौज करूं नये हा त्यामागील विचार समजतो. तरीसुद्धां प्रवासावर काट मारणें हें शहाणपणाचें झालें असें म्हणवत नाहीं. ज्या भूगोलाच्या मास्तरानें हिमनदी कधीं पाहिली नाहीं, तो ती फळ्यावर खडूनें काढतो, आणि मुलें ती वहींत उतरवून घेतात. एका प्रवासानें त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या तासांत जो फरक पडेल, तो कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहून येणारा नाहीं.

अर्ध्या पगाराचें दुखणें मात्र खरें आहे. घरभाडें निम्में होत नाहीं, वाण्याचें बिल निम्में होत नाहीं. ज्याच्या घरीं दुसरा मिळवता आहे त्यालाच ही रजा परवडते, आणि एकट्याच्या कमाईवर संसार हांकणारा, ज्याला विसाव्याची अधिक गरज, तो नियमांचें पुस्तक मिटून ठेवतो. यावर कॅनडांत एक निराळी तोड निघाली. तेथील शाळामंडळांत 'पांचांत चार' या नांवानें ओळखली जाणारी योजना आहे. समजा, शिक्षकाचा पगार १०० आहे. चार वर्षें तो पूर्ण काम करून ८० च घेतो. दरसाल २० प्रमाणें चार वर्षांत ८० शिल्लक पडतात, आणि पांचव्या वर्षीं घरीं बसून, अथवा कोठेंही जाऊन, त्याला तेच ८० मिळतात. पांचही वर्षें प्राप्ति सारखी राहते. हिशेब चौथी-पांचवीच्या मुलालाही कळेल इतका सोपा आहे.

अशा योजनेला सरकारची साथ लागते, कारण मागें ठेवलेल्या पगारावर त्याच वर्षीं प्राप्तिकर बसला तर सगळाच खेळ बिघडेल. कॅनडाच्या करनियमांनीं ती सोय केली आहे. पण अटी आहेत. वर्षाला पगाराच्या एकतृतीयांशापेक्षां अधिक रक्कम मागें ठेवतां येत नाहीं. रजा सलग ६ महिन्यांहून कमी नसावी. पूर्ण वेळ विद्याभ्यासाकरितां असेल तर ३ महिने चालते. पैसे मागें ठेवण्यास आरंभ झाल्यापासून ६ वर्षांच्या आंत ती सुरू झाली पाहिजे, आणि जितकी रजा निदान तितका काळ परत येऊन काम केलें पाहिजे. रजेंत काय केलें, हें येथें कोणी विचारीत नाहीं. पैसा ज्याचा त्याचाच असल्यामुळें विचारण्याचा अधिकारही कोणाला उरत नाहीं. मात्र हिला सरकारनें दिलेली रजा म्हणतां येत नाहीं. ती शिक्षकानें आपल्या पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेली रजा आहे.

ऑस्ट्रेलियाची 'दीर्घ सेवेची रजा' वेगळ्याच गरजेंतून निघाली. एकोणिसाव्या शतकांत तेथील वसाहतींतील अंमलदारांना जहाजानें विलायतेस जाऊन येण्यास महिनेच्या महिने लागत, म्हणून ती सुरू झाली. जहाजें गेलीं तरी रजा राहिली, आणि शाळाशिक्षकांनाही ती मिळते.

आपल्याकडे काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सबॅटिकल रजा आहे. पण ती महाविद्यालयांतील व विद्यापीठांतील सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठीं. त्या पदावर ७ वर्षें झाल्यावर एका वेळीं एक वर्षापर्यंत, आणि सगळ्या नोकरींत दोन वर्षांपर्यंत. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजानियमांत अध्ययन रजा आहे. ५ वर्षांच्या सेवेनंतर सामान्यतः एका वेळीं १२ महिने व एकंदर २४ महिने ती मिळूं शकते. देशांत राहून अभ्यास केल्यास पगार पूर्ण मिळतो, आणि परतल्यावर ३ वर्षें नोकरी करण्याचा करारनामा लिहून द्यावा लागतो. ती रजा मंजूर करणें वरिष्ठांच्या मर्जीवर असतें. पेनसिल्व्हेनियाच्या शिक्षकासारखा हक्क तींत नाहीं. ठराविक वर्षें झालीं कीं आपोआप पाळी येईल, अशी सोय शाळामास्तराला नाहीं.

मास्तरांना उन्हाळ्याची सुट्टी असते, मग आणखी रजा कशाला, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शिक्षकांना शाळेबाहेरचीं कामें देऊं नयेत असें म्हटलें खरें. पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक हीं तीन त्यांतून वगळलीं. सुट्टीच्या तोंडाशीं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. उरलेल्या दिवसांत मुलांच्या मुंजी-लग्नें, गांवाकडचें घर शाकारणें आणि म्हाताऱ्या आईवडिलांचीं औषधपाण्याचीं कामें उरकावयाचीं. त्यांत नवा विषय पायापासून शिकून घेण्याइतकी सलग फुरसत कोणाला सांपडली असेल, तर तो भाग्यवान.

यापेक्षां मोठी अडचण निराळी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. डोंगराळ तालुक्यांतील ज्या प्राथमिक शाळेंत दोनच शिक्षक आहेत, तेथील एक वर्षभर गेला तर चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यांत पडतात. रजेचा नियम कितीही उदार असो, जागेवर बदली शिक्षक आला नाहीं तर शिक्षक स्वतःच अर्ज करणार नाहीं. मुलांची आबाळ त्याला बघवणार नाहीं. अर्ध्या पगाराच्या पद्धतींत उरलेला अर्धा पगार या बदली माणसाच्या कामीं येतो, आणि कॅनडाच्या पद्धतींत रजेच्या वर्षीं शिक्षकाचा त्या वर्षाचा पगार त्यासाठीं मोकळा राहतो. दोन्हीकडे पैशाची वाट आधींच काढून ठेविली आहे. आपल्याकडे रजेचा अर्ज एका टेबलावर आणि बदली शिक्षकाची मागणी दुसऱ्या टेबलावर पडते; आणि दोन्ही कागद एकत्र येईपर्यंत शाळेचें वर्ष संपून जातें.