यंत्राचे बोट आणि कामाचा हिशेब



आपल्या दुधनीच्या बाजारात तुरीचे कट्टे उतरतात, काटा होतो, पट्टी फाटते आणि संध्याकाळी मुनीमजी संगणकासमोर बसतात. एका खिडकीत मालाची आवक असते, दुसऱ्या खिडकीत हिशेबाचे खाते. इकडचा आकडा वाचावयाचा, तिकडे टंकावयाचा आणि 'जतन करा' या बटणावर माउसचे टिचकी-बोट मारावयाचे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रात शेजारी शेजारी नांदत असतात, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे माणसाचे मनगट. या मनगटाला सुट्टी देणारा तिसरा प्रोग्रॅम लिहिता येतो. तो कसा चालतो, आणि तो चालू झाल्यावर मजुरी कोणाची व जबाबदारी कोणाची, हा आजचा आमचा विषय आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कचेऱ्यांच्या बाकांवर बसून अधिक झाले आहे; तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा आपण ठेवू नये.

माउस आपण दाबतो तेव्हा बटण प्रत्यक्षात दाबले जाते असे नव्हे. पडद्यावर बटण नसतेच. बटणाचे चित्र असते. विंडोज या व्यवस्थेत बोट दाबले की मधला कारभारी त्या खिडकीच्या नावे एक निरोप रांगेत टाकतो: अमुक ठिकाणी डावे बटण खाली गेले, अमुक ठिकाणी वर आले. प्रोग्रॅम निरोप उचलतो आणि कामाला लागतो. आता हा निरोप खऱ्या बोटाने पाठवला की दुसऱ्या प्रोग्रॅमने, याची चौकशी बहुतेक प्रोग्रॅम करीतच नाहीत. सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे.

युक्तीचे प्रकार मात्र निरनिराळे. पहिला प्रकार आंधळ्या हाताचा. पडद्याच्या डाव्या कडेपासून इतके ठिपके आणि वरून इतके ठिपके, तेथे जाऊन दाब, असा हुकूम. हा हात बटण ओळखत नाही, जागा ओळखतो. कोणी अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे माप १०० टक्क्यांचे १२५ केले, किंवा खिडकी चार बोटे सरकली, की तो बेलाशक शेजारचे 'रद्द करा' दाबून मोकळा होतो. दुसरा प्रकार नाव घेऊन हाक मारण्याचा. विंडोज प्रत्येक खिडकीला, आणि जुन्या धर्तीच्या प्रोग्रॅममधील प्रत्येक बटणालाही, एक क्रमांक देते. तो शोधून काढावयाचा आणि 'तू दाबला गेलास' असा निरोप थेट त्या बटणाला द्यावयाचा. मग खिडकी कोठेही असो.

यातही एक खोच आहे, ती ऐकण्यासारखी आहे. निरोप दोन रीतींनी देता येतो. पत्र टपालपेटीत टाकून पुढे चालू लागणे ही एक रीत. पत्र हातात देऊन पोच मिळेपर्यंत दारात उभे राहणे ही दुसरी. दुसरी रीत सुरक्षित वाटते. पण समजा, बटण दाबल्यावर पडद्यावर एक चौकट उघडली: 'खात्री आहे का? होय की नाही?' ती चौकट मिटेपर्यंत पोच मिळत नाही. आणि 'होय' दाबावयाचे ज्याने, तो तर पोचेसाठी दारात खोळंबलेला. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. आमच्या वाटाघाटींत असे प्रसंग पुष्कळ येतात, म्हणून हे आम्हांला एका दमात समजले! येथे टपालपेटीचीच रीत बरी.

तिसऱ्या प्रकाराविषयी आम्हांला विशेष आदर आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना संगणक वापरता यावा म्हणून पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम निघाले. त्यांना 'हे बटण, याचे नाव जतन करा, हे दाबता येते' अशी माहिती हवी. ती पुरवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९७ साली एक दार उघडले आणि पुढे व्हिस्टाच्या काळात त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. आज मोठमोठ्या कंपन्यांचे कारकुनी काम आपोआप करणारी यंत्रणा पुष्कळदा याच दाराने आत शिरते. दृष्टिहीन बांधवांसाठी केलेल्या वाटेवरून व्यापाराच्या गाड्या चालल्या आहेत. चालोत बापड्या, वाट कोणासाठी झाली हे ध्यानात असावे एवढेच.

सोलापूर जिल्ह्याला यात नवल वाटू नये. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. पुठ्ठ्याला भोक असेल तेथे आकडा वर जातो, ताणा उचलला जातो. भोक नसेल तेथे आकडा जागीच राहतो. फ्रान्समधील लिओं शहरात जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही रचना बसवली, तेव्हा मागावर दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे काम गेले. ते काम हाडे मोडणारे होते, ते गेले याचे दुःख आम्ही करीत नाही. त्या पोराच्या घरी संध्याकाळी काय शिजले, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे आजचे रूप सांगतो. एका कचेरीत, नाव घेण्याचे कारण नाही, काही भगिनी जुन्या प्रोग्रॅममधील नोंदी नव्यात चढवीत होत्या. मजुरी नोंदीमागे. विडी कामगार भगिनींना हा हिशेब सांगावयास नको: तेथे हजारी दर आणि छाट, येथे नोंदीमागे दर आणि चुकीची कपात. त्यांतील एकीचे मनगट दुखू लागले. तिने घरच्या घरी शिकून ऑटोहॉटकी नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो इकडचे उचलून तिकडे भरी आणि बटण दाबी; ती फक्त नजर ठेवी. काम दुप्पट होऊ लागले. ठेकेदाराला हे कळताच त्याने दर निम्म्यावर आणला. म्हणजे अक्कल तिची, श्रम वाचले तिचे, आणि वाचलेले पैसे ठेकेदाराचे.

एवढ्यावर थांबले नाही. तो प्रोग्रॅम उतरवून घेऊन रात्री तिच्याच नावाच्या प्रवेशखात्यावर चालवला गेला. एके रात्री मध्येच प्रिंटर जोडलेला नसल्याची सूचना पडद्यावर आली. प्रोग्रॅम ठरलेल्या ठेक्याने दाबतच राहिला. त्याचे एक दाबणे त्या सूचनेवर खर्ची पडले आणि तेथून पुढे एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावापुढे पडत गेली. सकाळी चुका सापडल्या आणि कपात बाईच्या पगारातून झाली, कारण नोंदवहीत नाव तिचे होते. आम्ही त्या नोंदींच्या वेळा मागितल्या. रात्री दोन वाजल्यानंतर सेकंदाला एक नोंद, पाणी प्यायलाही खंड नाही. हजेरीपटावर बाईची सुट्टी संध्याकाळी सहाची. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर फार बोलावे लागले नाही. कपात परत मिळाली. दर मात्र अजून निम्माच आहे.

याच यंत्राची दुसरी बाजू आपणां प्रवाशांना ठाऊक आहे. आपले स्टेशन सोलापूर–वाडी मार्गावरचे. मुंबईला जाणारा माणूस तत्काळच्या तिकिटासाठी वातानुकूलित वर्गाला सकाळी १० ला आणि इतर वर्गांना ११ ला तयार बसतो. तो नाव टंकीत असतो तोवर तिकिटे संपलेली असतात. कारण कोणाच्या तरी संगणकावर नाव, वय, गाडी आधीच भरून ठेवून क्षणात बटणे दाबणारा प्रोग्रॅम असतो. डिसेंबर २०१७ मध्ये असा 'निओ' नावाचा प्रोग्रॅम तयार करून दलालांना पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयने खुद्द आपल्याच एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. रेल्वे कायद्याचे १४३ वे कलम परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करण्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. हे कलम संगणकावरच्या तिकिटांनाही लागू आहे असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारची ओळख सक्तीची झाली, आणि अधिकृत दलालांनाही पहिली ३० मिनिटे बंदी आली. तेथे यंत्राचे बोट कोणाचे हे शोधण्याची सरकारला निकड वाटली. कचेरीतल्या बाईच्या बाबतीतही तशी वाटावी, अशी आमची मागणी आहे.

यंत्रे फोडा, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्र यावे की नाही यापेक्षा कोठे आणि कोणत्या अटींवर यावे, हे टेबलाशी बसून ठरले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, ज्या सुधारणेने कामगार कमी होण्याचा संभव आहे ती आणण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे आणि तिच्या ४० व्या कलमात ही नोटीस कायम आहे. पण मोठे यंत्र कचेरीत यायचे तर ते ट्रकातून येते, सर्वांना दिसते. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम खिशातून येतो. त्याची नोटीस कोण देणार?

म्हणून त्या कचेरीपुढे आम्ही मसुदा ठेवला आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण कामावरच्या निम्म्या भगिनी घरी कन्नड बोलतात. प्रोग्रॅमला स्वतःचे वेगळे प्रवेशखाते असावे, माणसाच्या नावावर त्याने काम करू नये. त्याच्या चुकीची कपात कोणाच्याही मजुरीतून होऊ नये. आणि कामगाराने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे काम वाढले तर वर्षभर दराला हात लावू नये. पहिली अट ठेकेदाराने मान्य केली, दुसरीवर 'बघू' म्हणाला, तिसरीवर हसला. पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे. ज्या भगिनीने तो प्रोग्रॅम लिहिला, ती या वेळी आमच्याबरोबर टेबलाशी बसणार आहे.