पायवाटेचा हक्क



धनिकाच्या माळावरून सामान्य माणसाने चालावे की नाही, हा प्रश्न इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी ऐरणीवर आला. त्या दिवशी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार बेनी रॉथमन याच्या पुढाकाराने किंडर स्काउटचा डोंगर चढले. पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो राखून ठेवलेला होता. नुसते परक्या जमिनीत शिरणे तेथे फौजदारी गुन्हा नव्हते. तरीही दंगल-मारहाणीच्या आरोपांखाली पाच जणांना कारावास झाला.

फळ सावकाश आले. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांचा पाया घातला. २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगर, माळ आणि नोंदणीकृत सामाईक जमिनी पायी फिरणाऱ्यास खुल्या केल्या.

यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द ध्यानी घ्यावा. कागदावर नसलेली वाट कुंपणाला सहज बळी पडते. आपल्याकडेही २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाला गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्याचा आदेश राज्यांना द्यावा लागला.

मित्रहो, आपल्या गावच्या पायवाटा आणि गायराने चालून पाहा. त्यांची नोंद आहे काय, हे तलाठ्याकडे विचारा. रोजच्या वहिवाटीतली वाट गिळणे कुणालाही अवघड जाते.