घरातील मनीप्लांट : जोपासना आणि दक्षता

(शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेले भाषण)



कचेरीतील टेबलावर, शाळेच्या व्हरांड्यात आणि घरोघरच्या खिडकीत आज मनीप्लांटचा वेल हटकून दिसतो. तो घरात असला की पैसा येतो, आणि चोरून आणला तर अधिकच येतो, अशी एक समजूत रूढ आहे. पैशाचे राहू द्या. परंतु या वेलाचा स्वभाव जाणून घेतला तर तो जोमाने वाढतो आणि घरची माणसेही सुरक्षित राहतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. आपला अळू आणि सुरण ज्या कुळातील, त्याच कुळातील हा. कुळागरात मिरीचा वेल जसा पोफळीला बिलगून चढतो, तसा हा अरण्यात वृक्षांवर चढतो. असा आधार मिळाला म्हणजे त्याचे पान दीड-दोन फुटांचे होते. कुंडीतून खाली लोंबत सोडलेल्या वेलाचे पान मात्र लहानच राहते. म्हणून कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी व ती अधूनमधून भिजवावी. पेरांवरची मुळे तिला धरतात.

लागवडीसाठी दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यावा. पेर नसलेल्या नुसत्या पानापासून वेल होत नाही. मातीत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. कुंडीच्या बुडाला भोक अवश्य असावे. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे, अन्यथा मुळे कुजतात. भरपूर उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचा पिवळा रंग लोपत जातो.

आता दक्षतेविषयी. पुष्कळ जण हा वेल बाटलीतील पाण्यात ठेवतात आणि ते पाणी महिनोन् महिने बदलत नाहीत. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून घासलीच पाहिजे. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम लागू आहे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी वेल मातीत लावावा.

दुसरे असे की, अळू कच्चा खाल्ल्यास घशाला खाज सुटते, ती त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या वेलातही असतात. मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते व सूज येते. अशा वेळी तोंड धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. वेल मुलांच्या व पाळीव जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवणे उत्तम.

शेवटची गोष्ट. छाटलेले तुकडे ओढ्यात, रानात किंवा कुळागरात टाकू नयेत. या वेलाला फुले क्वचितच येतात. पण पेराचा एक तुकडा ओल्या जमिनीत पडला तरी तो रुजतो आणि स्थानिक झाडाझुडपांवर पसरतो. श्रीलंकेच्या रानात असेच घडले आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेतील बाटल्या घासण्याचा एक वार ठरवून द्यावा व ते काम मोठ्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. मुले तोच वार घरीही पाळू लागतील.