उभ्या गाडीचं कूलंट

अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल मोटरहोम बऱ्याचदा महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असतात. मैल वाढत नाहीत, म्हणून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटकडे कुणी बघत नाही. पण ते उभ्या गाडीतही जुनं होतं.

अनेक मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला, म्हणजे आतल्या धातूच्या नळीला, कूलंट बाहेरून थेट भिडलेलं असतं. प्रत्येक ज्वलनागणिक लायनर थरथरतो, बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात. तो मारा इतका जबर, की धातूला खड्डे पडतात. दुर्लक्ष झालं तर आरपार भोक पडून कूलंट तेलात उतरतं. नायट्राइटसारखी रसायनं हे रोखतात, पण ती हळूहळू संपतात.

ती किती उरली आहेत हे पाहायला चाचणीपट्टी मिळते. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा, पट्टी बुडवा, तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहा. काही नव्या कूलंटमध्ये नायट्राइट नसतंच, तेव्हा पट्टी त्याच प्रकारासाठीची हवी. प्रकार ओळखायला कूलंटच्या रंगावर मात्र विसंबू नका.

इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेतलं, तर ते सुमारे उणे 37 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. हे कूलंट चवीला गोड, पण विषारी असतं. काढलेलं कूलंट मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत कधीही ठेवू नका.