ओंडका ओढणारा रहाट

दापोलीचें पठार सोडून रस्ता बुरोंडीकडे उतरूं लागला म्हणजे एकीकडे जांभ्याचा उतार आणि समोर समुद्र दिसूं लागतो. बुरोंडी हें रत्नागिरी जिल्ह्यांतील मासेमारीचें गांव. कोंकणच्या किनाऱ्यावरील अशा गांवांत जड वस्तु ओढण्याची विद्या पिढीजात असते. पावसाळ्यापूर्वीं होडी वाळूवर घ्यावयाची, तर तिच्याखालीं लांकडें घालावयाचीं, दोर बांधावयाचा आणि सर्वांनीं एकाच हाकेसरशीं जोर लावावयाचा. डोंगरउतारावर तोडलेला आइनाचा किंवा किंजळाचा सोट रस्त्याला आणणें हें काम याच जातीचें. पण अधिक घातकी. तेथें पायाखालीं वाळू नसून दगड असतात, आणि ओंडका सुटला तर खालच्या माणसास पळावयास अवसर मिळत नाहीं. अशा कामासाठीं ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें विंच हें यंत्र निघालें आहे.

विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या यंत्राचें मर्म समजण्यास अडचण पडूं नये. हातानें फिरवावयाच्या रहाटाचा दांडा लांब आणि रूळ बारीक असतो. म्हणून थोड्या जोरानें भरलेली घागर वर येते. विंचमध्यें माणसाच्या हाताऐवजीं ट्रॅक्टरच्या मागील बाजूचा फिरता दांडा असतो. त्याला पी.टी.ओ. म्हणतात व तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो. एवढ्या वेगानें ओंडका ओढणें शक्य नाहीं. म्हणून सांखळी आणि दंतचक्रें यांच्या योगें वेग उतरवितात. वेग जितका उतरतो, तितकी ओढ वाढते. क्लच दाबला कीं ड्रम फिरूं लागतो व पोलादी तारांचा दोर त्यावर गुंडाळला जातो. क्लच सोडला कीं ब्रेक ड्रमला धरून ठेवतो.

दोराची आणि जोडणीची कथाहि मनोरंजक आहे. तारा पिळून दोर करण्याची कल्पना १८३४ मध्यें जर्मनींतील हार्ट्‌स पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यानें अमलांत आणली. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणीं जोडून उचलण्याची पद्धति हॅरी फर्ग्युसन याची. १९३९ मध्यें फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर तिचा मोठा प्रसार झाला. आज विंचहि याच जोडणीवर टांगतात.

आतां थोडा हिशेब. चार टनांची ओढ सेकंदास अर्धा मीटर वेगानें द्यावयाची, तर दोरावर सुमारें २६ अश्वशक्ति लागते. दंतचक्रांत वाया जाणारी शक्ति त्याहून निराळी. ३० अंशांच्या चढावर ओंडक्याच्या वजनाच्या निम्मी ओढ केवळ चढ चढविण्यांत खर्च होते. जमिनीचें घर्षण वेगळें. शिवाय ड्रमवर दोराचे थर चढत गेले कीं त्याचा व्यास वाढतो. रिकाम्या ड्रमचा व्यास १२ सेंटिमीटर आणि भरलेल्याचा २४ असेल, तर शेवटची ओढ पहिल्या ओढीच्या निम्मी, आणि वेग मात्र दुप्पट होतो. ओढ अपुरी पडली तर ओंडक्याशीं फिरती कप्पी बांधून दोराचें टोंक पुन्हां ट्रॅक्टरजवळ पक्कें करतात. मग ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा.

ओंडका जितक्या जोरानें ट्रॅक्टरकडे ओढला जातो, तितक्याच जोरानें ट्रॅक्टर ओंडक्याकडे ओढला जातो. म्हणून विंचच्या खालीं रुंद पोलादी पातें असतें. तें जमिनींत रुतवून ट्रॅक्टर स्थिर करतात. दोर जमिनीच्या जवळून यावा लागतो. उंचावरून ओढ बसल्यास ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचलतात. ओढ तिरपी असल्यास तो कुशीवर कलंडण्याचें भय. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा परततो. म्हणून चालकाच्या पाठीशीं लोखंडी जाळी हवी, आणि दोराच्या रोखांत किंवा त्याच्या कोनांत कोणीहि उभें राहतां कामा नये.

या यंत्राचा खरा उपयोग निव्वळ श्रम वांचविण्यांत नाहीं. दापोलीकडे वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ट्रॅक्टर उतारावर नेला तर चाकांच्या चाकोऱ्यांचे पावसांत ओहोळ होतात आणि जांभ्यावरची पातळ माती समुद्रास मिळते. विंचमुळें ट्रॅक्टर रस्त्यावरच राहतो. फक्त दोर वर जातो. मात्र ओंडक्याचें तोंड जमिनीवरून किंचित् उचललेलें असावें, नाहींतर तेंच नांगरासारखें चर पाडतें. आणि जेथें पूर्वीं माणूस पोंचत नसे, तेथेंहि आतां दोर पोंचतो. म्हणून महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा येथें आधीं आठवावा.

वाळूवर होडी ओढतांना एकाचा पाय घसरला तर त्याची हांक ऐकून सारे हात थांबतात. विंचला कान नाहींत. म्हणून जेथें हें यंत्र चालतें, तेथें दोर कोठवर आला, माणसें कोठें उभीं आहेत, हें पाहणारा एक जण बाजूस असावा आणि त्याची खूण मिळाल्यावांचून चालकानें क्लचला हात लावूं नये. थांबण्याची खूण मात्र कोणींहि करावी आणि ती तत्काळ मानावी.