संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण

संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीने ‘पासपोर्ट.कॉम’चे अवघे ३५ डॉलर वेळेवर न भरल्याने हॉटमेलची सेवा खोळंबली. एका त्रयस्थ गृहस्थाने पदरचे पैसे भरले!

आपली अडचण निराळी. शाळेचे वा पंचायतीचे नाव पुष्कळदा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या खाजगी पत्त्यावर नोंदलेले असते. त्याची बदली झाली की स्मरणपत्रे त्याच्याकडेच जातात, आणि मुदत टळल्यावर ते नाव कोणीही परका घेऊ शकतो. यास्तव नोंदणी संस्थेच्या नावे, संपर्काचा पत्ता कार्यालयाचा ठेवावा आणि मुदतीची तारीख दप्तरातील नोंदवहीत वीजबिलाच्या तारखेशेजारीच लिहावी.